हेन्री मूरचें कुरण

शिल्प ही उघड्या हवेंतली कला आहे, दिवसाचा उजेड, विशेषतः सूर्यप्रकाश, तिला हवाच. आणि जगांतील अत्यंत सुंदर इमारतीपेक्षां कोणत्याहि साध्या माळावर आपली मूर्ति उभी असलेली आपणांस अधिक आवडेल, अशा अर्थाचें हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानें लिहून ठेवलें आहे. कलावंतांच्या असल्या विधानांकडे टीकाकारानें थोडें सावधपणेंच पाहावें हें बरें. आपल्या हातून जें झालें त्याचींच तीं बहुधा मागाहून केलेलीं समर्थनें असतात. परंतु मूरच्या बाबतींत टीकाकाराची एक सोय झाली आहे. आपलें विधान पारखून पाहण्यास लागणारी जागाहि तो स्वतःच मागें ठेवून गेला. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यांत पेरी ग्रीन नांवाच्या वस्तींत त्याचें घर, त्याच्या कामाच्या खोल्या आणि सुमारें ७० एकर जमीन अजून राखलेली आहे, आणि त्या जमिनींत त्याचीं प्रचंड शिल्पें झाडांखालीं, कुंपणांच्या कडेला आणि मेंढ्यांच्या कुरणांत उभीं आहेत. मूरवरचीं पुस्तकें मीं पुष्कळ वाचलीं होतीं. छायाचित्रें तर त्याहून अधिक पाहिलीं होतीं. ह्या छायाचित्रांनींच माझ्या मनांत एक शंका उत्पन्न केली होती, व ती फेडून घेण्यासाठीं २०१९ च्या जुलैंत, लंडनला गेलों असतां, एक दिवस मीं मुद्दाम राखून ठेवला.

शंका अशी. छायाचित्रांत वस्तूचें माप कळत नाहीं. वीतभर उंचीची मूर्ति, कॅमेरा जमिनीलगत धरून, मागें आभाळ येईल अशा बेतानें टिपली, तर ती डोंगराएवढी दिसते. मूर स्वतः आपल्या हाताएवढ्या नमुन्यांचीं अशीं छायाचित्रें काढीत असे. मग या मूर्तींचा जो भव्यपणा आपण वाखाणतों, तो त्यांच्या अंगचा कितपत आणि मापाच्या भ्रमाचा कितपत? मूर्ति खरोखरच मोठी केली म्हणजे ती मोठी होते काय?

माझ्याबरोबर माझा भाचा होता. तो तिकडे इमारतींच्या पोलादी सांगाड्यांचे हिशेब करणाऱ्या एका कचेरींत नोकरीस आहे. कलेविषयीं त्याचीं मतें थोडीं व स्पष्ट आहेत. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनावर गाडींत बसून आम्ही बिशप्स स्टॉर्टफर्ड येथें उतरलों, व पुढें भाड्याची मोटार केली. रस्ते अरुंद, दोहों बाजूंस झुडपांचीं दाट कुंपणें, मधूनच पिकावर आलेला गहू. पेरी ग्रीन हें धड खेडेंहि नव्हे. आपल्याकडे त्याला वाडी म्हटलें असतें.

“निसर्गाच्या सान्निध्यांतील शिल्पें” असें आपण म्हणतों, तेव्हां डोळ्यांपुढें कांहीं तरी रानवट येतें. येथें रान मुळींच नाहीं. कापलेली हिरवळ, मुद्दाम राखलेल्या वाटा, फुलझाडांचे वाफे, सफरचंदाचीं झाडें. आणि त्यापलीकडे कुरणें, तींहि कुंपणांनीं आंखून दिल्यासारखीं. हा निसर्ग शतकानुशतकें माणसाच्या हाताखालून गेलेला आहे. त्यांतील बागेचा भाग तर मूरचा नव्हेच. तो त्याच्या पत्नीचा, इरिनाचा. ती मूळची कीव्ह येथील, चित्रकलेची विद्यार्थिनी. १९२९ मध्यें मूरशीं तिचें लग्न झालें. ओसाड पडलेल्या जमिनीचा एकेक तुकडा तिनें वर्षानुवर्षें खपून बागेंत आणला. मूरच्या चरित्रकारांचें लक्ष साहजिकच मूर्तींकडे असतें. परंतु या मूर्ती जेथें शोभतात तेथें त्या कां शोभतात याचें निम्में उत्तर त्यांच्या मागच्या झाडांत आहे, आणि तीं झाडें कोठें असावींत हें ठरविणारी दृष्टि दुसऱ्याच व्यक्तीची होती. मूरला हवा असलेला “कोणताहि साधा माळ” हा असा होता!

मूर येथें आला तोहि ठरवून आला नाहीं. यॉर्कशरमधील कॅसलफर्ड या कोळशाच्या खाणींच्या गांवीं ३० जुलै १८९८ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप खाणींत काम करणारा. आठ भावंडांत हा सातवा. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूची बाधा होऊन तो परतला, आणि मग लीड्स व लंडन येथील कलाशाळांत शिकला. १९४० मध्यें लंडनवर बाँब पडूं लागले, हॅम्पस्टेडमधील त्याच्या जागेची नासधूस झाली, आणि नवराबायकोंनीं पेरी ग्रीन येथील हॉगलंड्स नांवाच्या जुन्या शेतघराचा अर्धा भाग भाड्यानें घेतला. लौकरच एल्मच्या लाकडांत कोरलेली एक आडवी मूर्ति विकली गेली व त्या पैशाच्या आधारावर तें घरच विकत घेतां आलें. आणीबाणींत आलेला हा माणूस १९८६ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे ४६ वर्षें, तेथेंच राहिला. पुढें त्याला जगभर मागणी आली, पैसा आला. घर मात्र तेंच राहिलें. वाढली ती भोंवतालची जमीन. शेजारचा तुकडा विकावयास निघाला कीं तो घ्यावयाचा, आणि त्यांत नवी काम करण्याची खोली बांधावयाची किंवा एखादी मूर्ति ठेवून पाहावयाची, असा क्रम होता. शेतकरी जमीन वाढवितो त्याच सावकाशीनें ही जमीन वाढली आहे.

बागेंतून पुढें गेल्यावर “दुहेरी लंबगोल” असें ज्याच्या नांवाचें भाषांतर करतां येईल तें १९६६ मधील शिल्प लागलें. ब्राँझच्या दोन प्रचंड चकत्या एकमेकींजवळ उभ्या केलेल्या, आणि दोहोंच्या मध्यभागीं आरपार मोठें भोंक.

“मामा, ह्यांच्या पोटांत भोंकें कशाला पाडलीं आहेत?” भाच्यानें विचारलें.

हा प्रश्न मूरला आयुष्यभर विचारला गेला आणि व्यंगचित्रकारांनीं तर त्यावर पुष्कळ दिवस पोट भरलें. मूरचें म्हणणें असें कीं भोंकानें वस्तूची एक बाजू दुसरीशीं जोडली जाते आणि ती एकदम अधिक घन भासूं लागते. पुस्तकांत वाचतांना हें मला शब्दच्छलासारखें वाटलें होतें. तेथें मीं भाच्यास उत्तर दिलें नाहीं. फक्त त्याला शिल्पाभोंवतीं चालावयास सांगितलें. कांहीं पावलांपर्यंत एका चकतीच्या भोंकांतून दुसऱ्या चकतीचें ब्राँझच दिसतें. आणखी दोन पावलें टाकलीं कीं पलीकडचें भोंक हळूच अलीकडच्यांत शिरूं लागतें, एक चंद्रकोरीएवढी फट उजेडानें भरते, ती वाढते, आणि मग क्षणभर दोन्हीं भोंकें एकावर एक येऊन त्यांतून दूरचें झाड सबंध दिसतें. पुढच्या पावलाला तें पुन्हां मिटतें. वस्तुसंग्रहालयांत या भोंकांतून भिंत दिसली असती, आणि भिंत पाहण्याकरितां कोणी चालत नाहीं. येथें मूरचें विधान शंभर टक्के खरें आहे असें मला वाटलें. उघडें शेत ही या शिल्पाची नुसती पार्श्वभूमि नाहीं, तें त्याचें पोट आहे.

पण याच ठिकाणीं एक धोकाहि दिसतो. भोंक फार मोठें झालें कीं तें चौकट बनतें, आणि प्रेक्षक मूर्ति पाहण्याऐवजीं मूर्तींतून पाहूं लागतो. पुढें जी कमान लागते, १९६९ सालीं मोठी केलेली, तिच्याखालीं लोक उभे राहून छायाचित्रें काढीत होते. त्यांचें कांहीं चुकत होतें असें नाहीं. माणसाच्या तिप्पट उंचीची ती पांढरी कमान त्यांना दरवाजा वाटत होती, आणि दरवाजांत माणूस उभा राहतोच.

मूळांत मात्र ती दरवाजा नव्हे, हाडाचा तुकडा आहे. माझ्या भाच्यानें हें नांव न वाचतांच ओळखलें. “हें हाड आहे,” तो म्हणाला, “आणि हाड असें वाढवितां येत नाहीं.” मीं कारण विचारलें. त्यानें सांगितलें तें असें: वस्तूची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर तिचें वजन आठपट होतें, पण तें वजन पेलणारा छेद चौपटच होतो. म्हणून लहान प्राण्याचें हाड मोठ्या प्राण्याला पुरवावयाचें तर तें नुसतें लांब करून भागत नाहीं, प्रमाणाबाहेर जाड करावें लागतें. गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत हेंच हाडाचें उदाहरण आकृति काढून दिलें आहे. पेरी ग्रीनची कमान उभी आहे ती फायबरग्लासची असल्यामुळें. तिला वजनच नाहीं म्हटलें तरी चालेल. मला लागलीच लंडनच्या केन्सिंग्टन बागेंतील तिची जुळी बहीण आठवली. ती इटलींतील ट्रॅव्हर्टाइन दगडाची, सात तुकड्यांची, ३७ टनांची. मूरनें ती १९८० सालीं लोकांना दिली. १९९६ मध्यें ती धोक्याची ठरून उतरवावी लागली. आणि पुष्कळ अभ्यास व दुरुस्ती होऊन २०१२ मध्यें ती पुन्हां उभी राहिली. इंजिनियरांनीं तिला उभी केली हें त्यांचें कौशल्य. पण ज्या शिल्पकारानें १९३४ सालीं दगडाशीं खोटें बोलूं नये, दगड दगडच दिसला पाहिजे, त्याला मऊ मांस बनवूं नये, असें आग्रहानें प्रतिपादन केलें, त्याच्याच नांवावर हाडाचें सोंग घेतलेला दगड उभा राहावा, ही गोष्ट टीकाकाराला सोडून देतां येत नाहीं.

ही १९३४ ची भूमिका काय होती हें थोडें सांगितलें पाहिजे. मूरच्या तरुणपणीं इंग्लंडांतील रूढ शिल्पकार मातींत मूर्ति घडवी, आणि मग कारागीर यंत्रानें मापें घेऊन ती संगमरवरांत उतरवीत. मूर आणि त्याचे कांहीं सोबती या पद्धतीविरुद्ध उठले. शिल्पकारानें स्वतः छिन्नी हातांत घेऊन थेट दगडांत कोरावें, दगडाचा कठीणपणा, त्याच्या शिरा, त्याचा हट्ट मूर्तींत उतरूं द्यावा, असें त्यांचें मत. ब्रिटिश म्यूझियममधील मेक्सिकोचीं जुनीं दगडी शिल्पें हे त्यांचे गुरु. लीड्सच्या संग्रहांत असलेली मूरची १९२९ ची आडवी स्त्रीमूर्ति या मताचें फळ आहे. तिच्या तपकिरी दगडाला कोणीं फसविलेलें नाहीं. ज्यांनीं वेरूळचें कैलास पाहिलें आहे त्यांना हें मत समजावून द्यावयास नको. तेथें अखंड डोंगरांतून वरून खालीं दगड काढीत काढीत देवालय मोकळें केलें आहे, आणि जें काढलें तें परत लावण्याची सोय नव्हती.

आतां त्याच मूरची उत्तरायुष्यांतील काम करण्याची रीत पाहा. ती पाहण्याची उत्तम जागा म्हणजे बोर्न या नांवाची त्याची लहान नमुन्यांची खोली. संबंध पेरी ग्रीनमध्यें मला सर्वांत अधिक वेळ थांबवावयास लावलें तें या खोलीनें. फळ्यांवर आणि टेबलांवर दाटीनें मांडलेल्या वस्तु: जवळच्या शेतांतून उचललेल्या गारगोट्या, हाडें, शंख, झिजलेले दगड, आणि त्यांच्यामध्यें, त्यांच्यापासून वेगळे ओळखूं येऊं नयेत असे, मुठीएवढे प्लॅस्टरचे नमुने. एखाद्या गारगोटीला थोडें प्लॅस्टर लावून खांदा केलेला, एखाद्या हाडाला डोकें बसविलेलें. ज्यूलियन हक्स्ले या शास्त्रज्ञाच्या घरून आलेली हत्तीची कवटी हाहि मूरचा मोठा ठेवा. तिच्यावरून त्यानें कोरीव चित्रांची एक मालिकाच केली. येथें मूर बसे, एक नमुना हातांत घेई, फिरवून सर्व बाजूंनीं पाही. तळहातावर जी वस्तु राहते ती सर्व बाजूंनीं एकाच वेळीं जाणवते. हें सुख मोठ्या मूर्तीला कधींच मिळत नाहीं. पसंत पडलेला नमुना मग मदतनीस मापें घेऊन मधल्या आकाराचा करीत, आणि त्यावरून पूर्ण आकाराचा. पुढें पुढें त्यासाठीं पॉलिस्टिरीनसारखा हलका, चाकूनें कापतां येणारा पदार्थ वापरीत. पुढें त्याचे भाग करून ते बर्लिनला नोआकच्या ओतशाळेंत जात आणि ब्राँझ होऊन येत. म्हणजे ज्या पद्धतीविरुद्ध तरुण मूर उठला होता, तीच जरा वेगळ्या वेषांत त्याच्या अंगणांत येऊन बसली होती.

यावरून मूरला ढोंगी ठरविणारे लोक निघाले. १९६७ सालीं त्यानें आपलीं अनेक शिल्पें लंडनच्या टेट संग्रहालयाला देऊं केलीं, तेव्हां ४१ कलावंतांनीं ‘टाइम्स’ पत्रांत आपल्या सह्यांनिशीं विरोध नोंदविला. सही करणारांत त्याचा पूर्वींचा मदतनीस अँथनी कॅरो हाहि होता. त्यांचा आक्षेप सार्वजनिक संग्रहालयाची इतकी जागा एकाच कलावंताला देण्याविषयीं होता. पण त्याच्या मागें पिढीपिढीची कुरबुर होती हें उघड आहे. मला स्वतःला मदतनिसांचा मुद्दा पोंचट वाटतो. कैलास काय एका हातानें झालें? छिन्नी कोणाच्या हातांत होती हा प्रश्नच नव्हे. नमुना मोठा करतांना कोणी तरी पुन्हां विचार केला कीं नुसता गुणाकार केला, हा प्रश्न आहे.

नुसत्या गुणाकाराचें उदाहरण म्हणून मी त्या जमिनींतील सर्वांत दिमाखदार मूर्तीकडे बोट दाखवीन. कुरणांच्या पलीकडे टेकाडावर, आभाळाला टेकून, १९८४ ची महाकाय आडवी मूर्ति आहे. दुरून ती फार सुंदर दिसते, यांत शंका नाहीं; तिच्या वळणदार रेषेंत आभाळ अडकल्यासारखें होतें. तिची जन्मकथा मात्र अशी. १९३८ मध्यें मूरनें शिशाच्या कांहीं छोट्या मूर्ती केल्या. त्यासाठीं शिसें तो पत्नीच्या स्वयंपाकाच्या भांड्यांत वितळवीत असे. त्यांतली एक, सुमारें फूटभर लांबीची, मऊ शिशाला जसें वळण सहज येतें तशी वळलेली. चाळीसांहून अधिक वर्षांनीं सिंगापूरमधील एका बँकेच्या इमारतीपुढें मोठें शिल्प हवें होतें, आय. एम. पे या वास्तुशिल्पज्ञाच्या मागणीवरून ही जुनी मूर्ति निवडली गेली आणि सुमारें नऊ मीटरांची केली गेली. मूर तेव्हां पंचाऐशीच्या घरांत होता.

आम्ही टेकाड चढून तिच्याजवळ गेलों, आणि जसजसे जवळ गेलों तसतशी ती नाहींशी होऊं लागली. हें मी अतिशयोक्तीनें लिहीत नाहीं. जवळून तेथें पाहण्यासारखें कांहींच उरत नाहीं. शिशाच्या मूर्तींत बोटांचा दाब असतो, जरा वांकडी झालेली कड असते, तापलेल्या धातूची घाई असते. त्या सगळ्याची तीसपट केल्यावर बोटाचा ठसा हा खड्डा झाला आणि खड्डा गुळगुळीत करून टाकण्यांत आला. उरली ती रेषा. आणि रेषा ही दुरूनच पाहावयाची वस्तु असल्यामुळें हें शिल्प वस्तुतः चित्र आहे. आभाळाच्या कागदावर काढलेलें. माझी छायाचित्रांविषयींची शंका येथें पुरी खरी ठरली. या मूर्तीचें छायाचित्र तिच्या इतकेंच चांगलें आहे.

सूर्यप्रकाशाविषयींचा मूरचा आग्रहहि मला येथेंच खटकला. सर्व शिल्पाला ऊन हवें हें त्यानें स्वतःच्या मूर्तींवरून ठरविलें. घारापुरीच्या लेण्यांतील सुमारें १८ फूट उंचीची त्रिमुखी मूर्ति ज्यांनीं पाहिली आहे त्यांना माहीत आहे कीं तिचें अर्धें सामर्थ्य अंधारांत आहे. बाहेरच्या झळझळीत उन्हांतून आंत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत ती नसतेच. मग एकेक मुख हळूहळू पुढें येतें. तिला उचलून मैदानांत ठेवलें तर तिचें ऐश्वर्य निघून जाईल. उजेड किती असावा हें मूर्तीच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. आणि टेकाडावरच्या या मूर्तीला तर ऊनसुद्धां नको, संध्याकाळचें फिकें आभाळ तेवढें पुरे आहे.

उघड्यावर ठेवण्याची किंमतहि मूरच्या पश्चात् या जमिनीला द्यावी लागली आहे. २००५ च्या डिसेंबरांत एके रात्रीं चोर यारी लावलेला ट्रक घेऊन आले आणि १९६९–७० ची एक आडवी ब्राँझमूर्ति उचलून घेऊन गेले. लांबी साडेतीन मीटरांहून जास्त, वजन दोन टनांवर, किंमत ३० लक्ष पौंड. ती पुन्हां दिसली नाहीं. ती तुकडे करून भंगारांत वितळविली गेली असावी, आणि त्या धातूचे फार तर दीड हजार पौंड आले असावेत, असें पोलिसांनीं २००९ मध्यें सांगितलें. स्कॉटलंडांत ग्लेनकिलनच्या ओसाड डोंगरउतारावर मूरचीं ‘राजा आणि राणी’ बसलेलीं असत, आणि उघड्या माळावरील शिल्पाचें जगांतलें सर्वोत्तम उदाहरण म्हणून त्यांचा लौकिक होता. १९९५ मध्यें त्यांचीं डोकीं कोणीं करवतीनें कापून नेलीं. नवीं बसविलीं गेलीं, पण २०१३ मध्यें शेजारची दुसरी मूर्ति चोरीस गेल्यावर उरलेलीं शिल्पें तेथून हलवावीं लागलीं. आपल्याकडे गांवाच्या शिवेवर वीरगळ शेंकडों वर्षें उभे आहेत. त्यांना शेंदूर लागतो, त्यांच्यावर गुरें अंग घासतात, पुष्कळदां त्यांवरचें युद्ध कोणाचें हेंहि कोणास सांगतां येत नाहीं. ते टिकले, कारण दगड वितळत नाहीं आणि त्यांना बाजारभाव नव्हता. एवढ्यावरून दगड श्रेष्ठ व ब्राँझ कनिष्ठ असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्याची किंमत ३० लक्ष पौंड आहे अशी वस्तु “कोणत्याहि साध्या माळावर” ठेवतां येत नाहीं, तिच्या भोंवतीं पहारा येतो, हें तर खरें ना? पेरी ग्रीनला आज तो आहे.

टेकाडावरून उतरतांना माझें मन जरा खट्टू झालें होतें. मूरवर माझें प्रेम आहे. लंडनच्या भुयारी स्टेशनांत बाँबच्या भीतीनें रात्री काढणाऱ्या लोकांचीं त्यानें १९४० व १९४१ मध्यें काढलेलीं चित्रें पाहून तें जडलें आहे. दाटीनें झोंपलेल्या त्या पांघरूण घेतलेल्या माणसांत जी माया आहे ती या गुळगुळीत ब्राँझमध्यें कोठें गेली, असें मी स्वतःशीं म्हणत होतों. आणि मग आम्ही फाटक उघडून मेंढ्यांच्या कुरणांत शिरलों.

या कुरणाची गोष्ट मूरच्या चाहत्यांस ठाऊक आहे. १९७२ सालीं फ्लॉरेन्सच्या किल्ल्यांत त्याचें मोठें प्रदर्शन व्हावयाचें होतें. सामान बांधणाऱ्यांच्या गडबडीला कंटाळून मूर एका लहान खोलींत जाऊन बसे. तिच्या खिडकीबाहेर मेंढ्या चरत. प्रथम त्याला त्या लोकरीचे बिनआकाराचे गोळे वाटल्या. मग तो साध्या बॉलपेननें त्यांचीं चित्रें काढूं लागला. मेंढी हलूं लागली कीं तो कांचेवर टकटक करी. ती थांबून खिडकीकडे पाही, तेवढ्यांत त्याचें काम होई. हळूहळू लोकरीच्या आंतील हाडें त्याला दिसूं लागलीं. कोंकरें झालीं, तीं आयांच्या पोटाखालीं शिरूं लागलीं. ही एक चित्रांची वहीच झाली. त्याच सुमाराचें, १९७१–७२ चें, ‘मेंढ्यांचें शिल्प’ हें प्रचंड ब्राँझ त्यानें याच कुरणांत बसविलें.

त्यांत दोन आकार आहेत. एक मोठा, वरून झुकलेला. दुसरा धाकटा, त्याच्या कुशींत घुसूं पाहणारा. मेंढी आणि कोंकरूं असें म्हणावयाचें तर म्हणतां येतें, आणि न म्हटलें तरी अडत नाहीं. उंचीनें तें टेकाडावरच्या मूर्तीस हार जात नाहीं. मग तें तिच्यासारखें रितें कां नाहीं? मीं त्याभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या तेव्हां कारण माझ्या ध्यानांत आलें, आणि तें अगदीं साधें आहे. या शिल्पाला खालची बाजू आहे. टेकाडावरच्या मूर्तीचें सारें काम तिच्या वरच्या कडेवर झालें आहे. येथें काम झालें आहे तें पोटाखालीं, दोन आकारांच्या मधल्या फटींत, जमिनीपासून हातभर उंचीवर, जेथें माणसाला वांकून पाहावें लागतें आणि मेंढीला सहज जातां येतें. त्या दिवशीं ऊन चांगलें तापलें होतें. सात-आठ मेंढ्या त्या सावलींत दाटीनें बसल्या होत्या. एक उठली, धाकट्या आकाराच्या कडेला तिनें मान आणि मग सबंध कूस सावकाश घासली, आणि पुन्हां बसली. वर ब्राँझ काळपट-हिरवट आहे. खालीं, मेंढीच्या पाठीच्या उंचीपर्यंत, घासून घासून तें मऊ सोनेरी झालें आहे. मापाचा प्रश्न या मेंढ्यांनीं सोडविला होता. तें शिल्प त्यांच्या घराएवढें मोठें होतें. ना कमी, ना अधिक.

भुयारी स्टेशनांतील चित्रांची मला पुन्हां आठवण झाली. तेथेंहि वर मोठें गोल छत आणि खालीं एकमेकांना बिलगून बसलेले जीव असेंच होतें. मूरला तें आठवत होतें कीं नाहीं तें मी सांगूं शकत नाहीं, आणि अशा गोष्टींत कलावंताची साक्ष काढण्याचें कारणहि नसतें. गुणाकार येथेंहि झालाच असेल. नमुना येथेंहि मुठीएवढाच असेल. पण मोठें करतांना त्याखालीं कोणाला तरी जागा ठेवावयाची आहे एवढी गोष्ट विसरली गेली नाहीं.

भाचा वांकून ब्राँझ आणि माती यांचा सांधा कसा केला आहे तें पाहत होता. त्याच्या कडेला लोकरीचे पुंजके अडकलेले होते. मेंढ्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें आणि पुन्हां चघळावयास लागल्या. मोटारवाल्यास पांच वाजतां बोलाविलें होतें. पावणेपांच झाले होते, व फाटक बरेंच लांब होतें.